विलीनीकरणवादी पक्ष आणि लोकमताचें प्रमाण : एक परीक्षण

पारनेर ही सेनापति पांडुरंग महादेव बापट यांची जन्मभूमि. १९५५ चा गोवा सत्याग्रह, संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि सीमाप्रश्नासाठीं १९६६ मध्यें केलेलें उपोषण, या तिन्ही प्रसंगीं सेनापति अग्रभागीं होते. त्यामुळें आमच्याकडे हीं तीन प्रकरणें एका दमांत उच्चारण्याचा प्रघात आहे. पुण्यस्मरणाच्या कामीं तो शोभून दिसतो. परंतु इतिहासलेखनांत त्याच प्रघातानें एक सिद्धान्त परीक्षेवांचून रूढ झाला आहे, आणि त्याचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सिद्धान्त असा : ज्या प्रदेशांत विलीनीकरणवादी पक्ष निवडून येतो, तेथील लोकांस विलीनीकरण हवें असतें, आणि तो पक्ष पडला म्हणजे लोकांनीं तें नाकारलें. यांतील पूर्वार्ध मराठी लेखकांच्या लिखाणांत वारंवार आढळतो, उत्तरार्ध प्रतिपक्षाच्या. वाद परस्परविरुद्ध दिसले तरी दोघांचा हेतु एकच, तो म्हणजे कायदेमंडळांतील जागा. आणि दोघांचें साध्यहि एकच, तें म्हणजे लोकेच्छा. हा हेतु निर्दोष आहे कीं सव्यभिचार, एवढेंच पाहावयाचें आहे.

प्रथम अन्वय पाहूं. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. येथेंच हें सांगितलें पाहिजे कीं मुक्ति आणि विलीनीकरण हे दोन भिन्न प्रश्न होत. १९५५ चे सत्याग्रही पहिल्यासाठीं गेले होते, त्यांस दुसऱ्याचे साक्षीदार करणें युक्त नव्हे. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकींत विलीनीकरणाचा उघड पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षानें ३० सभासदांच्या विधानसभेंत मित्रांसह बहुमत मिळविलें व दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणावर लोकांनीं शिक्कामोर्तब केलें, असा अर्थ महाराष्ट्रांत तत्काळ लावला गेला. पुढें लोकमतकौल घेण्याचें ठरलें. तो निःपक्षपणें व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्यें बांदोडकरांचें मंत्रिमंडळ पायउतार झालें, आणि १६ जानेवारी १९६७ रोजीं मतदान झालें. विलीनीकरणाच्या बाजूस १,३८,१७० मतें पडलीं, विरुद्ध १,७२,१९१; अंतर ३४,०२१ मतांचें. सिद्धान्त खरा असता तर या पक्षाचा येथेंच अंत व्हावयास हवा होता. प्रत्यक्षांत अवघ्या दोन महिन्यांनीं, मार्च १९६७ मध्यें, त्याच मतदारांनीं त्याच पक्षास ३० पैकीं १६ जागा देऊन बांदोडकरांस पुन्हा अधिकारावर बसविलें.

जानेवारींत ध्येय नाकारणें आणि मार्चांत पक्ष स्वीकारणें यांत मतदाराचा चंचलपणा पाहणारे लेखक आहेत. आमच्या मतें दोष मतदाराचा नसून त्याच्या मताचा अर्थ लावणाराचा आहे. गोव्यांतील बहुजनसमाजानें मत दिलें तें मुख्यतः भाटकारांचें व उच्चवर्णीयांचें वर्चस्व मोडण्यासाठीं. १९६४ चा कूळकायदा आणि गांवोगांव निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा हें त्या मताचें फळ होतें. विलीनीकरण हें पक्षाच्या ध्वजावर होतें; मतदाराच्या अंगणांत जमीन आणि शाळा होती. उलट पक्षीं, विलीनीकरणास विरोध करणारें मडगांवचें 'राष्ट्रमत' हें दैनिक मराठींतच निघत होतें. म्हणजे मराठी लिहिणें, मराठीवादी पक्षास मत देणें आणि महाराष्ट्रांत जाऊं इच्छिणें या तीन निराळ्या गोष्टी ठरतात. एकीवरून दुसरीचें अनुमान करतां येत नाहीं.

आतां व्यतिरेक. १९५६ मध्यें स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीनें १९५७ च्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसची दाणादाण उडविली, पण द्विभाषिक मुंबई राज्याची सत्ता काँग्रेसकडेच राहिली. समिती एक दिवसहि मंत्रिमंडळांत बसली नाहीं. तरीहि १ मे १९६० रोजीं तिचें मुख्य ध्येय सिद्ध झालें. त्यानंतर १९६२ मध्यें काँग्रेसनें २६४ पैकीं २१५ जागा जिंकल्या, आणि फुटलेल्या समितीचे घटक पक्ष मागें पडले. यावरून महाराष्ट्रीयांस महाराष्ट्र नकोसा झाला, असें कोण म्हणेल? जागा गेल्या त्या इच्छा पूर्ण झाली म्हणून.

हा व्यभिचार आपल्याच देशाचा विशेष आहे असें कोणी समजूं नये. ब्रिटनमधील वेल्स देशांत 'प्लाइड कम्री' हा स्वदेशवादी पक्ष १९२५ मध्यें स्थापन झाला. त्याचा पहिला प्रतिनिधि लंडनच्या पार्लमेंटांत पोंचावयास १९६६ साल उजाडावें लागलें. १९७९ मध्यें वेल्सच्या स्वतंत्र विधिमंडळाची योजना मतदारांपुढें आली तेव्हां सुमारें चौपट मतांनीं ती फेटाळली गेली. १९९७ मध्यें या पक्षास पार्लमेंटांत वेल्सच्या ४० पैकीं अवघ्या ४ जागा होत्या, पण त्याच वर्षीं तशीच योजना ६,७२१ मतांच्या आधिक्यानें संमत झाली. कारण ती मांडणारा मजूर पक्ष होता व तिचे पुरस्कर्ते अनेक पक्षांत विखुरलेले होते. जागांची मोजदाद करून हा निकाल वर्तवितां आला नसता.

मग प्रतिनिधित्व निरर्थक काय? मुळींच नाहीं. २००७ ते २०११ या काळांत प्लाइड कम्री मजूर पक्षासह वेल्सच्या सरकारांत होता, आणि त्याच कारकीर्दींत विधिमंडळाचे कायदे करण्याचे अधिकार वाढविणारा २०११ चा लोकमतकौल अनुकूल लागला. बांदोडकरांचा कूळकायदा हाहि प्रतिनिधित्वाचाच परिणाम. जागेनें सत्ता येते व सत्तेनें कार्य होतें, हें निर्विवाद आहे. अमुक पक्षानें आपल्या वतीनें सभागृहांत बसावें, एवढी लोकांची इच्छा जागेवरून सिद्ध होते; त्या पक्षाच्या ध्वजावरील प्रत्येक अक्षर लोकांस मान्य आहे, हें होत नाहीं.

या विवेकाची खरी कसोटी सीमाभागांत लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत बेळगांव म्हैसूर राज्यांत गेलें. १९६७ मध्यें महाजन आयोगानें तें महाराष्ट्रास देण्याचें नाकारलें, आणि २००४ मध्यें महाराष्ट्रानें सर्वोच्च न्यायालयांत दावा दाखल केला. या दीर्घ काळांत महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार हा मराठी लेखकांचा आवडता पुरावा होता. परंतु २०१३ मध्यें दोन जागा मिळविणारी समिती २०१८ व २०२३ मध्यें एकहि जागा मिळवूं शकली नाहीं. २०२१ मध्यें बेळगांव महानगरपालिकेची निवडणूक पक्षचिन्हांवर झाली, तेव्हां ५८ पैकीं ३५ जागा भारतीय जनता पक्षास गेल्या. आतां आपले लेखक सांगतात कीं फूट पडली, राष्ट्रीय पक्षांनीं मराठी उमेदवार उभे केले, तरुणांचे प्रश्न बदलले. हीं कारणें खरीं असतील. पण पराजयाचीं इतर कारणें मान्य करावयाचीं तर विजयाचींहि इतर कारणें तपासलीं पाहिजेत. आपल्या सोयीच्या वर्षीं निवडणूक प्रमाण आणि गैरसोयीच्या वर्षीं अप्रमाण, हा न्याय नव्हे; ही वकिली आहे. आणि २०१८ चें शून्य दाखवून प्रश्न संपला असें म्हणणारा प्रतिपक्ष त्याच हेत्वाभासांत सांपडलेला आहे.

महाराष्ट्राच्या मागणीचीं तत्त्वें चार आहेत : खेडें हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. यांपैकीं पहिलीं तीन नकाशा व जनगणना यांवरून तपासतां येतात. चौथें मात्र आपण निवडणुकीच्या निकालांवर सोंपविलें, आणि निकाल फिरतांच तें निराधार झालें. लोकेच्छेचे स्वतंत्र पुरावे गोळा झाले पाहिजेत : ग्रामपंचायतींचे ठराव, मराठी शाळांच्या पटसंख्या, भाषेच्या हक्कांसाठीं केलेले अर्ज, पालिकांचीं इतिवृत्तें. २००५ मध्यें बेळगांव पालिकेनें महाराष्ट्रांत जाण्याचा ठराव केला आणि कर्नाटक सरकारनें ती पालिकाच बरखास्त केली. ही एक नोंद दहा आमदारांच्या यादीपेक्षां अधिक बोलकी आहे, कारण तिच्यांत इच्छा स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. असे कागद त्या त्या गांवीं जाऊन उतरून घेण्याचें काम संशोधकांचें आहे, आणि कागद जीर्ण होण्यापूर्वीं तें हातीं घेतलें पाहिजे.