पायाला लागलेली रग

मानवाकृतीचा अभ्यास सुरू झाला की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न कानावर पडतो : वजन कोणत्या पायावर आहे? हे न बघता काढलेली आकृती कितीही देखणी असो, कागदावर तरंगते. स्त्री चित्रकारांनी रंगवलेली माणसं बघताना मी हाच प्रश्न हाताशी ठेवते. ‘स्त्रीची नजर’, ‘हळुवार संवेदना’ हे शब्द आम्ही विद्यार्थ्यांनी जर्नलमध्ये इतके घासलेत की त्यांच्याआडून चित्र दिसेनासं झालंय.

स्त्रीदेहाचं उत्तम शिल्प बघायला परभणीकराला मुंबई गाठावी लागत नाही. गंगाखेड तालुक्यात धारासूरच्या गुप्तेश्वर मंदिरावर सुरसुंदरी आहेत. त्रिभंगात उभ्या, वजन एका पायावर नेमकं टाकलेलं. घडवणाऱ्याच्या हाताला तोड नाही. पण शतकानुशतकं उभं राहूनही त्या पायाला रग लागलेली नाही. हा देह बघितला जाण्यासाठीच उभा आहे आणि त्याला ते ठाऊकही आहे.

बाईनं बाईचा देह बघून काढावा, ही गोष्ट फार जुनी नाही. लंडनच्या रॉयल अकादमीच्या संस्थापकांत 1768 साली दोन स्त्रिया होत्या. तरी चित्रकार झोफनीनं अकादमीचे सदस्य विवस्त्र पुरुष मॉडेलभोवती जमलेले रंगवले तेव्हा त्या दोघी खोलीत नाहीत, भिंतीवरच्या तसबिरींत आहेत! मुंबईच्या जे. जे. स्कूलची स्थापना 1857 ची. तिथे विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला तो प्राचार्य ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919 च्या सुमारास. अंबिका धुरंधर यांनी 1931 मध्ये तिथली पदविका घेतली. त्यांची ऐतिहासिक-पौराणिक चित्रं नेटकी आहेत, पण वडिलांची, म्हणजे म. वि. धुरंधरांची रेषा त्यांत इतकी मुरलीय की आकृती कुणाची हे सांगणं अवघड जावं. दोष त्यांचा एकटीचा नाही. नमुना म्हणून समोर तेवढंच होतं.

रग पहिल्यांदा दिसते ती अमृता शेरगिलमध्ये. पॅरिसमध्ये 1933 साली तिनं रंगवलेली ‘प्रोफेशनल मॉडेल’ थकलेली, ओघळलेली बाई आहे. पैशासाठी बसलेली, आणि ते न लपवणारी. भारतात परतल्यावरच्या ‘थ्री गर्ल्स’ला (1935) बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्या तिघी पूर्ण कपड्यांत आहेत, तरी वजन कळतं. मांडीवर टेकलेले हात नुसते ठेवलेत, सजवलेले नाहीत. पुढे 1936 च्या अखेरीस ती अजिंठ्याला आली. आमच्याकडे या भेटीचा उल्लेख केवळ अभिमानापोटी होतो. खरी गोष्ट पुढच्या वर्षीच्या ‘ब्रह्मचारी’मध्ये आहे : अजिंठ्याची गोलाई तिनं उचलली, लचक मात्र तिथेच सोडली. ती मुलं जमिनीवर बसलीत आणि जमीन त्यांना धरून आहे.

बी. प्रभा आपल्या अधिक जवळच्या. नागपूरजवळच्या बेला गावात 1933 साली जन्म, शिक्षण नागपूर आणि जे. जे.मध्ये. त्यांच्या उंच, सडपातळ कोळिणी कॅलेंडरांवर पोचल्या, एअर इंडियाच्या संग्रहात गेल्या. मला त्या आवडतात, आणि खटकतातही. डोक्यावर टोपली आहे पण मान दबत नाही. दुष्काळ रंगवतानाही लांब मानेची ती रेषा सुटत नाही. दुःख शैलीत विरघळतं. लोकप्रियतेनं कधीकधी चित्रकाराचा हात बांधला जातो, त्याचं हे उदाहरण.

अंजू डोडिया (जन्म 1964) यांनी स्वतःलाच मॉडेल केलं. जलरंगासारख्या पळून जाणाऱ्या माध्यमात त्या स्वतःला राणी करतात, सैनिक करतात, सोंगं घेतात. पण चेहऱ्यावरचा कामाचा ताण सोंगाखाली झाकला जात नाही. शकुंतला कुलकर्णी एक पाऊल पुढे गेल्या. त्यांनी वेताची चिलखतं विणून घेतली, स्वतः घातली आणि मुंबईच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. चिलखत बाईला वाचवतं आणि कोंडतंही, हे तिथे समजावून सांगावं लागत नाही. ती चिलखतं 2024 मध्ये पॅरिसला दिओरच्या फॅशन शोपर्यंत गेली. परभणीत मी ती पाच इंचांच्या काचेवर बघितली.

ही अडचण साधी नाही. वजन हा आकारमानाचा मामला आहे. शेरगिलचा तैलरंग किती जाड बसलाय, डोडियांचा कागद माणसाच्या मानानं केवढा, हे मोबाईलवर कळत नाही. रेखाकला परीक्षा देणाऱ्या आमच्याकडच्या मुलींना मूळ चित्र न बघताच मानवाकृती शिकावी लागते. मॉडेलचा प्रश्न वेगळाच. जे. जे.तल्या मॉडेलवरचा रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा चित्रपट 2017 साली गोव्याच्या चित्रपट महोत्सवातून काढला गेला, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी त्याबद्दल बोलणंच नको. मी शिकते तिथे मॉडेल अंगभर कपड्यांत, तासभर, भिंतीला टेकून बसतं.

टेकलेल्या माणसात रग कशी शोधायची? म्हणून दिवाळीनंतर मी स्केचबुक घेऊन कापसाच्या शेतात जाते. वेचणाऱ्या बाया पोझ देत नाहीत, थांबतही नाहीत. कमरेला बांधलेल्या फडक्यात कापूस भरत जातो तसतसा कण्याचा बाक बदलतो. मी वर नाव घेतलेल्यांपैकी कुणाच्याही चित्रात हा बाक मला सापडलेला नाही. माझ्या कागदावरही तो अजून प्रभांच्या कोळिणींसारखाच उतरतो, लांब आणि देखणा. एकीनं पान बघून विचारलं, ‘‘ही बाई काम करायली का फोटो काढायली?’’ यापेक्षा नेमकी समीक्षा मी अजून वाचलेली नाही.