दर्शनाची मोजणी आणि न विचारलेली संमती

भाईंदरहून वसईची खाडी ओलांडली की तिसरे स्थानक नालासोपारा. तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. एका दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे आणि आठ मूर्ती मिळाल्या. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. मीरा-भाईंदरच्या उपासकाला त्याच्या दर्शनाची संधी मिळते, तेव्हा त्याचे हात आपोआप जोडले जातात. त्या क्षणी मागे उभे राहून कोणी घड्याळ लावून त्याची नोंद घेत असेल, तर त्याने आधी त्या उपासकाला विचारावयास नको काय?

वस्तुसंग्रहालयातील प्रेक्षकांच्या वर्तनाचा अभ्यास ही आता मान्यता पावलेली ज्ञानशाखा आहे. येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन यांचा या विषयावरील ग्रंथ १९२८ साली प्रसिद्ध झाला. कोण कोणत्या वस्तूपुढे किती सेकंद थांबला, हे प्रेक्षकाच्या नकळत टिपण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. सार्वजनिक जागेतील वर्तन कोणीही पाहू शकतो, असे तिचे समर्थन केले जाते. व्यक्ती ओळखू येत नसेल तर अशा निरीक्षणाला अमेरिकेचे संघीय नियमही सूट देतात. आम्हांस हे समर्थन अपुरे वाटते. उत्तनच्या पलीकडे, गोराईच्या पॅगोडाच्या घुमटात २००६ साली बुद्धधातू प्रतिष्ठापित झाले. त्याखाली ध्यानस्थ बसलेल्या साधकाला कोणी ‘प्रेक्षक’ म्हणत नाही. मग तोच मनुष्य काचेच्या कपाटापुढे आला की त्याची वंदना ‘थांबण्याचा कालावधी’ कशी होते?

प्रवेशद्वारी फलक लावला, आत येणाऱ्याने हरकत घेतली नाही, म्हणजे संमती मिळाली, असाही युक्तिवाद होतो. मौन ही संमती असू शकते, हे विनयाला मान्यच आहे. परंतु संघकर्मात आधी ‘ञत्ति’, म्हणजे प्रस्ताव, सर्वांना ऐकू जाईल असा मांडला जातो. महत्त्वाच्या कर्मांत त्यानंतर तीनदा विचारणा होते. आणि मगच मौनाला अर्थ येतो. जो प्रश्न कानी पडलाच नाही, त्यावरील मौनाला काय अर्थ? राहुलाच्या प्रव्रज्येनंतर शुद्धोदनाने दुःख व्यक्त केले, तेव्हा मातापित्यांच्या अनुज्ञेवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम भगवंतांनी घालून दिला. शाळेच्या सहलीतील मुलांची नोंद घेणाऱ्या अभ्यासकांनी हा प्रसंग ध्यानी घ्यावा.

आमच्या समाजाला मोजले जाण्याचा अनुभव जुना आहे. रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींचा वंशभेद मांडला. मोजल्या गेलेल्यांना त्या कोष्टकांचा हेतू कोणी समजावून सांगितला होता? येथे एक अडचण प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अशाच नासिकामापांचा आधार घेऊन, ब्राह्मण व अस्पृश्य भिन्न वंशांचे आहेत हे मत खोडून काढले. म्हणजे ती आकडेवारी आमच्याही कामी आली. तरीही बाबासाहेबांनी तिचा केलेला सदुपयोग ही ती गोळा करणाऱ्यांची पुण्याई नव्हे. ‘अदिन्नादान’ म्हणजे न दिलेले घेणे. घेतलेल्या वस्तूचे पुढे काय झाले, हा निराळा प्रश्न.

आधी सांगितले तर वर्तन बदलते, हा आक्षेप खरा आहे. पण निरीक्षण संपताच विचारता येते आणि नकार मिळाल्यास नोंद तेथेच फाडता येते. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेनच्या कलासंग्रहालयात २००९ साली झालेल्या प्रयोगात हृदयगती मोजणारा हातमोजा प्रेक्षकांनी स्वतःच्या होकाराने घातला होता. आमच्याकडे संमतिपत्र इंग्रजीत छापून भागणार नाही. ते मराठीत असावे, निरक्षर उपासिकेला वाचून दाखवावे, आणि तिच्या नकारानंतर तिला करंडकापुढे हवा तितका वेळ उभे राहू द्यावे.