विल्हेवाट लावली, म्हणजे नेमके काय केले?
पुलगावच्या निमित्ताने एका सरकारी शब्दाची तपासणी

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला सगळा जिल्हा ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखतो. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या कोणत्याही शाळेच्या वर्गात सैन्यात असलेल्या किंवा सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाचे मूल सापडणारच. त्यामुळे आपल्याकडे सैन्याविषयी प्रश्न विचारताना शिक्षकाची जीभ जरा अडखळते. प्रश्न विचारला की अनादर केला असे कोणाला वाटेल, ही भीती असते.

या लेखातला प्रश्न सैनिकाच्या शौर्याविषयीचा नाही, निविदेविषयीचा आहे. दारूगोळ्याला आयुष्य असते. काही वर्षांनी तो जुना होतो, कधी सदोष निघतो. मग त्याची ‘विल्हेवाट लावतात’. हे काम कोण करतो, कोणत्या अटींवर करतो आणि ते पुरे झाले हे कोण ठरवतो? आठवी-नववीच्या विज्ञानाच्या आधारे या प्रश्नाकडे पाहता येते, आणि तसे पाहिले की ‘विल्हेवाट’ हा शब्द फार काही झाकून ठेवतो असे ध्यानात येते.

सोनेगावची सकाळ

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. देशातले हे सर्वांत मोठे भांडार. ३१ मे २०१६ रोजी पहाटे तेथे मोठी आग लागून स्फोट झाले. त्यात अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. सुरुंगांतील टीएनटी पाझरण्याच्या दोषाची त्यानंतर बरीच चर्चा झाली. जुना किंवा सदोष दारूगोळा नुसता साठवून ठेवणे किती धोक्याचे असते, हे त्या रात्रीने दाखवून दिले. तेव्हा तो वेळेवर नष्ट केलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही.

पुढे अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी, याच भांडाराच्या सोनेगाव (आबाजी) गावाजवळच्या मैदानावर स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले, अनेक जखमी झाले. नष्ट करायचा माल जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीचा होता. मैदान सैन्याचे होते आणि ते निर्माणीला या कामासाठी वापरायला दिले होते. पेट्या उतरवण्याचे आणि खड्डे खणण्याचे काम करणारे मजूर मात्र खाजगी ठेकेदाराने आजूबाजूच्या गावांतून आणलेले होते. मृतांत निर्माणीचा एक कर्मचारी होता, तसेच हे गावकरी मजूरही होते.

म्हणजे जमीन एकाची, माल दुसऱ्याचा आणि हात तिसऱ्याचे. घटनेनंतर लगेचच मैदान कोणाचे, माल कोणाचा आणि मजूर कोणाचे याचे खुलासे सुरू झाले. प्रत्येक खुलासा आपापल्या जागी खरा होता. काम असे वाटून दिले की जबाबदारीचेही तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा इतका लहान होतो की तो कोणाच्याच डोक्यावर जड वाटत नाही. त्या दिवसांच्या चर्चेत एक चौथा प्रश्न मागेच राहिला: मोजमाप कोणाचे?

वस्तुमान कोठे जाते?

रासायनिक क्रियेत वस्तुमान नाहीसे होत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. दारूगोळा खड्ड्यात ठेवून उडवला, तरी हा नियम लागूच राहतो. टीएनटीच्या रेणूत ७ कार्बन, ५ हायड्रोजन, ३ नायट्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू असतात. त्याचे पूर्ण ज्वलन व्हायचे तर कार्बनसाठी १४ आणि हायड्रोजनसाठी अडीच, असे साडेसोळा ऑक्सिजन अणू हवेत. जवळ आहेत फक्त सहा. उरलेला ऑक्सिजन हवेतून मिळाला तर ठीक, नाहीतर काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. हे गणित फळ्यावर पाच मिनिटांत होते. टीएनटीचा धूर काळा का असतो, याचे उत्तर त्यात आहे.

शिवाय सगळाच माल फुटतो असे नाही. काही कण न जळता मातीत विखुरतात. टीएनटी मातीला बऱ्यापैकी चिकटून राहते. आरडीएक्स मात्र तितके चिकटत नाही, ते पाण्याबरोबर खाली झिरपते. चेतक दारूतील शिसे, काडतुसांच्या पितळेतील तांबे आणि जस्त ही तर मूलद्रव्येच आहेत. स्फोटाने त्यांचे तुकडे होतात, ती नष्ट होत नाहीत. अमेरिकेतील केप कॉड येथील लष्करी सरावक्षेत्राखालच्या भूजलात आरडीएक्स आढळले, तेव्हा १९९७ साली तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने तोफांचा सराव थांबवण्याचा आदेश दिला होता. आजूबाजूची वस्ती त्याच भूजलावर जगत होती.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी त्याने पाहिल्या आहेत. चर काढून, पाणी देऊन शेतातले मीठ धुऊन काढता येते. पण ते मीठ नाहीसे होत नाही, चरातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जाते. शेत सुधारले एवढेच सांगणारा हिशेब अर्धा असतो. ओढ्यात काय गेले, हे सांगितल्यावर तो पुरा होतो. वर्ध्याची जमीनही आपल्यासारखीच काळ्या पाषाणावरची आहे. तिथल्या विहिरीही खडकाच्या भेगांतूनच भरतात. मैदानावर पडलेल्या पावसाला कुंपण दिसत नाही.

निविदा कशाची काढतो आपण?

येथे निविदेचा मुद्दा येतो. ‘अमुक टन माल नष्ट करणे’ अशी निविदा निघाली, तर सरकार एक क्रिया विकत घेते. ‘अमुक मैदानाच्या मातीत आणि शेजारच्या विहिरींत शिसे व स्फोटक द्रव्ये ठरावीक मर्यादेच्या आत राहतील’ अशी अट असेल, तर सरकार एक परिणाम विकत घेते. पहिल्या प्रकारात माल उडाला की बिल निघते. दुसऱ्या प्रकारात मोजल्याशिवाय बिल निघू शकत नाही. दोन्हींचा खर्च सारखा नाही, आणि सर्वांत कमी दराला काम देण्याची पद्धत असली की दुसऱ्या प्रकारचा प्रामाणिक ठेकेदार पहिल्याच फेरीत मागे पडतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाने ठरावीक कामांच्या निविदांत गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची मुभा दिली. दारूगोळ्याच्या कामाहून या मुभेला अधिक योग्य काम कोणते असेल?

कायद्याचे साहाय्य येथे थोडेच मिळते. १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्याने सशस्त्र दले आणि आयुध निर्माण्यांना बहुतेक तरतुदींतून वगळून त्यांच्या स्वतःच्या नियमांवर सोपवले आहे. सोनेगावच्या घटनेच्या वेळी लागू असलेला १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मजुरीची आणि सोयींची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर टाकत होता. पण मातीत काय उरले, हा त्याचा विषयच नव्हता. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, आणि खमरिया निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. पूर्वी भांडार आणि निर्माणी ही एकाच मंत्रालयाची दोन खाती होती. आता एका बाजूला सेना आहे आणि दुसऱ्या बाजूला कंपनी. त्यांच्यातला व्यवहार अधिकाधिक करारानेच चालणार. म्हणून करारात काय लिहिले जाते, याला आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

परदेशातले दोन धडे

बाहेर सगळे आलबेल आहे, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात कॅम्प मिंडेन येथे एका खाजगी कंपनीने सैन्याकडून तोफांची जुनी प्रणोदक दारू निकालात काढण्याचे कंत्राट घेतले होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये तेथे मोठा स्फोट झाला. तपासणीत सुमारे ७० लाख किलोग्रॅम दारू अयोग्य रीतीने साठवून ठेवलेली आढळली. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिच्या अधिकाऱ्यांवर मालाच्या अंतिम वापराची खोटी प्रमाणपत्रे दिल्याचा खटला झाला. कागदावर माल निकालात निघाला होता, प्रत्यक्षात तो तिथेच पडून होता. सरकारने मग तो उघड्यावर जाळण्याचे ठरवले. त्याला स्थानिक नागरिकांनी आणि रसायनतज्ज्ञांनी विरोध केला, आणि अखेर तो बंद भट्टीत, धूर शुद्ध करून जाळला गेला. हे काम एप्रिल २०१६ ते एप्रिल २०१७ असे वर्षभर चालले.

दुसरा धडा सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट या नौदलाच्या जुन्या गोदीचा. १९४६ च्या बिकिनी येथील अणुचाचण्यांत सापडलेली जहाजे येथे धुतली गेली होती. तेथील किरणोत्सारी माती साफ करण्याचे आणि ती साफ झाली हे नमुन्यांनी दाखवण्याचे काम एकाच कंपनीला, टेट्रा टेक हिला, दिले होते. २०१२ साली काही नमुने ज्या जागेचे म्हणून दिले होते, त्या जागेचे वाटेनात. स्वच्छ जागची माती संशयित जागची म्हणून पाठवली गेली होती! कंपनीच्या दोन पर्यवेक्षकांनी नोंदी खोट्या केल्याचे कबूल केले आणि २०१८ मध्ये त्यांना प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या तपासणीनुसार गोदीच्या एका विभागातील ९० टक्के आणि दुसऱ्यातील ९७ टक्के ठिकाणांचे नमुने भरवशाचे नव्हते. वर्षानुवर्षांचे मोजमाप वाया गेले.

दोन्हीकडे पैसा होता, कायदे होते, प्रयोगशाळा होत्या. चूक एकच होती. ज्याने काम करायचे, त्यानेच ते झाले म्हणून सांगायचे, अशी व्यवस्था होती. विद्यार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासावी, असे कोणतेही परीक्षा मंडळ म्हणणार नाही.

गुप्तता आणि विहीर

यावर ठरलेला आक्षेप गुप्ततेचा. कोणता दारूगोळा किती आहे, हे जाहीर करता येणार नाही, हे बरोबरच आहे. पण गावच्या विहिरीत शिसे किती आहे, ही गुप्त बाब कशी असेल? ते पाणी पिणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे. म्हणून मागणी अगदी साधी आहे. मैदान वापरण्यापूर्वी आणि नंतर माती व पाण्याचे नमुने घ्यावेत. ते ठेकेदाराने किंवा माल देणाऱ्याने न घेता तिसऱ्या संस्थेने घ्यावेत. पाण्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. आणि पेटी उचलणाऱ्या हाताला पेटीत काय आहे हे समजेल इतके प्रशिक्षण व त्याला साजेशी मजुरी निविदेच्या दरातच धरावी. यांतली एकही गोष्ट शत्रूच्या उपयोगाची नाही.

वर्गात करून पाहण्याजोगे

हा विषय वर्गात आणायचा तर दारूगोळ्याच्या जवळही जाण्याचे कारण नाही. उलट, रानात सापडलेल्या धातूच्या नळकांड्याला हात लावू नये, हे मुलांना बजावून सांगावे. एका ट्रेमध्ये धुतलेली वाळू घ्या, तिच्या एका कोपऱ्यात मोजून मीठ मिसळा. एका गटाला ठरावीक पाणी देऊन वाळू ‘साफ’ करायला सांगा. वाळू साफ झाली की नाही, हे पहिल्या खेपेला त्याच गटाला ठरवू द्या. दुसऱ्या खेपेला नमुने दुसऱ्या गटाने घ्यावेत, पुड्यांवर फक्त क्रमांक घालावेत, आणि कोणती पुडी कोणत्या कोपऱ्यातली हे तपासणाऱ्याला सांगू नये. नमुने सारख्याच ऊर्ध्वपातित पाण्यात हलवून ते पाणी आटवले की उरलेले मीठ दिसते. दोन खेपांचे निकाल शेजारी मांडा. मग वाळू धुतलेले पाणीही आटवा आणि विचारा: मीठ गेले कोठे?

वर्गात एखाद्याचे आजोबा सैन्यातून निवृत्त झालेले असतील, तर त्यांना या तासाला बोलवावे. दारूगोळ्याची पेटी कशी उचलायची, तिची नोंद कशी ठेवायची, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ही शिस्त सैन्याने आपल्या जवानाला शिकवली. सोनेगावच्या मजुराला ती ठेकेदाराकडून मिळायला हवी होती, आणि ती मिळाली की नाही हे पाहणे काम देणाऱ्याच्या हाती होते.