भिंतीपलीकडचा नाद

चित्रपट पाहायला जातो असे आपण म्हणतो. ऐकायला जातो असे कुणी म्हणत नाही. संवाद कळावेत आणि प्रसंगाला संगीताचा आधार मिळावा, एवढ्यापुरताच ध्वनी असतो अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हे ज्यांना अनुभवायचे असेल त्यांनी फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ यांचा १९५६ सालचा 'मृत्युदंड झालेला एक कैदी निसटला' हा चित्रपट अवश्य पाहावा, असे आम्ही सुचवू.

कथानक साधे आहे. १९४३ साली जर्मनव्याप्त लिआँ शहरातील मोंत्लुक तुरुंगातून आंद्रे दव्हिन्यी हा प्रतिकार चळवळीतील अधिकारी निसटला. त्याच्या आठवणींवर हा चित्रपट बेतलेला आहे. चित्रपटातील नायकाचे नाव फोंतेन. तो सुटणार हे शीर्षकातच सांगून टाकले आहे. तेव्हा उत्कंठा उरते ती 'कसा सुटला' याची. आणि हे 'कसा' ब्रेसाँ प्रामुख्याने आपल्या कानांना सांगतात.

कोठडीतल्या फोंतेनला पहारेकरी क्वचितच दिसतो. ऐकू मात्र सतत येतो. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर खडखडत जाणारी किल्ली, बुटांची पावले, भिंतीवर शेजाऱ्याने केलेली टकटक, बाहेरची ट्राम, दूरची आगगाडी या आवाजांतूनच आपण तो तुरुंग मनात रचत जातो. चमच्याला धार लावून फोंतेन दाराच्या फळ्यांमधील सांधा खरवडू लागतो, तेव्हा ती बारीकशी खरखरही आपल्याला भयंकर मोठी वाटते. कारण तोवर आपण पहारेकऱ्याच्या कानांनी ऐकू लागलेलो असतो.

पलायनाच्या रात्री तर ध्वनी हाच शत्रू आणि ध्वनी हाच मित्र. छपरावरील खडी पायाखाली वाजते, म्हणून गाडी धडधडत जात असेल तेवढ्यातच पाऊल टाकायचे. मध्येच एक चमत्कारिक करकर ऐकू येते. ती कसली हे बराच वेळ उमगत नाही. अखेर कळते की तटाच्या आतील वाटेने सायकलवरून फेऱ्या घालणारा तो पहारेकरी आहे. आधी आवाज, मग त्याचे कारण, हा क्रम येथे मुद्दाम राखला आहे.

एका पहारेकऱ्याला ठार करावे लागते, तो प्रसंग मात्र ब्रेसाँ दाखवत नाहीत. कॅमेरा भिंतीच्या कोपऱ्याशी थांबून राहतो. ही पळवाट नव्हे काय, असा प्रश्न आम्हांलाही पडला होता. परंतु तो मृत्यू पडद्यावर आला असता तर त्यातून विजयाचा थरार निर्माण झाला असता. नेमका तोच दिग्दर्शकाने नाकारला आहे, असे आता वाटते.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशातले. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) परगावाहून परतलेला हरिहर दुर्गासाठी आणलेली साडी दाखवतो आणि सर्वजयाचा बांध फुटतो. आई रडताना दिसते, पण तिचा आवाज काढून घेतला आहे. त्याच्या जागी तारशहनाई आक्रोश करते. ब्रेसाँ यांनी दृश्य झाकले, राय यांनी आवाज झाकला. दोघांनीही अर्धेच दिले, आणि उरलेले अर्धे आपल्याकडून घेतले.

एका बाबतीत मात्र आमच्या मनात किंतु होता. इतक्या संयमी चित्रपटात मोत्सार्टच्या 'सी मायनर' मिस्सारचनेतील दयायाचनेचे सूर मधूनमधून का यावेत? पुढे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणांत खुद्द ब्रेसाँ यांनीच असे आधाराचे संगीत नाकारले. पण हे सूर कोठे येतात ते पाहिले म्हणजे किंतु पुष्कळसा मावळतो. ते येतात कैदी आपापली घाणीची बादली घेऊन अंगणात उतरतात तेव्हा. जे काम सर्वांत हीन, त्यालाच ही प्रार्थना लाभते. आणि ती एकट्या नायकाची नसून त्या साऱ्या रांगेची ठरते.

या चित्रपटाचे उपशीर्षक योहानच्या शुभवर्तमानातून घेतले आहे. एक बंदिवान पाळक निकदेमाचा उतारा कागदावर लिहून फोंतेनला देतो आणि फोंतेन तो शेजारच्या वृद्ध कैद्याला वाचून दाखवतो. प्रभू येशू तेथे वाऱ्याविषयी बोलतो: त्याचा नाद कानी पडतो, पण तो कोठून येतो आणि कोठे जातो हे कळत नाही. संपूर्ण चित्रपटाची रीत या वचनात आली आहे. न दिसणाऱ्याची चाहूल कानानेच लागते. मग तो पहारेकरी असो, शेजारचा कैदी असो, वा कृपा असो.

आमच्या घरांतून आज दूरदर्शन संच दिवसभर बोलत असतो, आणि पार्श्वसंगीत आपल्याला कोठे रडायचे व कोठे भ्यायचे ते सांगत असते. अशा वेळी कुटुंबाने एखाद्या सायंकाळी एकत्र बसून हा चित्रपट पाहावा. तो संपल्यावर संच बंद करावा आणि क्षणभर काहीच बोलू नये. आपल्याच घरात किती आवाज आहेत, आणि त्यांतील किती आपण ऐकलेच नव्हते, हे तेव्हा ध्यानी येईल.