श्यामाला लागलेला बाण : अजिंठा आणि कन्फ्यूशियन पुत्रधर्म

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील उजव्या भिंतीवर, छद्दंत जातकाच्या शेजारी, श्याम जातकाचे चित्रण आहे. पुढे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळी खोदलेल्या सतराव्या लेण्यात ही कथा पुन्हा रंगवली गेली. आंधळ्या आईबापांची अरण्यात सेवा करणारा श्याम पाणी आणायला नदीवर जातो आणि शिकारीला आलेल्या राजाच्या बाणाने विद्ध होतो. मरणाच्या दारातही त्याला चिंता असते ती आईबापांची. त्यांच्या सत्यवचनाच्या बळाने तो जिवंत होतो, त्यांना दृष्टीही लाभते. मराठी वाचकाला येथे श्रावणबाळ आठवणे स्वाभाविक आहे; परंतु श्रावण मरतो आणि त्याच्या मरणातून शाप निघतो, श्याम उठतो आणि शापाला जागाच उरत नाही.

ही कथा चीनमध्ये फार लवकर पोहोचली. तिसऱ्या शतकात खांग संग-ह्वे याने केलेल्या जातकसंग्रहात ती आहे आणि तुनह्वांगच्या भिंतींवरही ती रंगवलेली आहे. युआन काळात क्वो च्यूचिंग याच्या नावावर रूढ झालेल्या चोवीस आदर्श पुत्रांच्या कथासंग्रहात मात्र तिचे रूप वेगळे आहे. नायक थान-त्झू आता चौ काळातील चिनी पुरुष आहे. वृद्ध आईबापांच्या डोळ्यांवर उपाय म्हणून हरिणीचे दूध हवे, यासाठी तो हरणाचे कातडे पांघरून कळपात शिरतो. शिकारी धनुष्य ताणतो, थान-त्झू हाक देऊन आपली ओळख सांगतो आणि बाण सुटतच नाही.

दोन कथांतील हे अंतर केवळ प्रवासात झालेली झीज मानून सोडून देता येणार नाही. ‘श्याव-चिंग’ या पुत्रधर्मविषयक ग्रंथाच्या आरंभीच असे मानले आहे की देह, केस, कातडी ही आईबापांकडून मिळालेली ठेव आहे आणि ती अक्षत राखणे हाच पुत्रधर्माचा प्रारंभ होय. या दृष्टीने पाहता बाणाने विद्ध झालेला पुत्र हा करुण नायक असला तरी पूर्ण आदर्श ठरत नाही. ज्या संस्कृतीत ही धारणा मुरलेली आहे तेथे कथेने बाण हवेत सुटू न देणे हे अर्थाच्या गरजेतून घडले, असे म्हणावे लागते. सातव्या शतकापूर्वीच्या चिनी बौद्ध चित्रांत बाण लागलेला दिसतो. कथा बौद्ध संदर्भातून सुटून कन्फ्यूशियन परंपरेत स्थिरावली तेव्हा तो नाहीसा झाला.

मराठीत ‘श्याव’चे भाषांतर सर्रास ‘मातृपितृभक्ती’ असे केले जाते. पुंडलिकाच्या प्रदेशात हा शब्द सहज सुचणारच, पण तो दिशाभूल करतो. भक्तीत भावाची उत्कटता सर्वस्व असते. कन्फ्यूशियसला पोसण्यापुरती सेवा मान्य नाही, कारण कुत्र्याघोड्यांनाही माणूस पोसतोच. त्याला आदर हवा. मात्र हा आदर ‘ली’तून, म्हणजे विधी व शिष्टाचार यांतून, घडवावा लागतो. आईबाप जिवंत असताना, त्यांच्या अंत्यविधीत आणि नंतरच्या पितृपूजेतही तो ‘ली’नुसारच व्यक्त व्हायचा. ‘रन’, म्हणजे माणुसकी, हा सर्वांत व्यापक सद्गुण खरा; पण पुत्रधर्म आणि बंधुधर्म ही त्याची मुळे मानली आहेत. श्यामाजवळ यांतले एक मूळ आहे, वंश मात्र नाही. त्याचे आईबाप तापस, तो स्वतःही ब्रह्मचारी. निर्वंश राहणे हा पुत्रधर्माचा सर्वांत मोठा भंग मानणाऱ्या मेन्शियसच्या परंपरेने त्याला आपलासा करावा, हे विलक्षणच. मुंडन करून घर सोडणाऱ्या भिक्षूंवर कृतघ्नतेचा आरोप होत असताना चिनी बौद्धांना श्यामाचा मोठा आधार वाटला असेल, तो याच कारणाने.

येथे एक रूढ समजूत तपासावी लागते. बौद्ध धर्म चीनमध्ये गेला आणि तेथे टिकण्यासाठी त्याने पुत्रधर्म स्वीकारला, असे मत केनेथ चेन यांच्या 1968च्या लेखनापासून प्रतिष्ठित झाले. ग्रेगरी शोपेन यांनी 1984मध्ये भारतीय शिलालेखांच्या आधारे त्याला छेद दिला. दानलेखांत आईबापांच्या नावे पुण्य अर्पण करणाऱ्यांत भिक्षू मोठ्या संख्येने आढळतात. अजिंठा याचा बोलका साक्षीदार आहे. सव्विसाव्या लेण्यातील लेखात भिक्षू बुद्धभद्र अश्मकाचा अमात्य भव्विराज आणि त्याबरोबर आईबाप यांना उद्देशून चैत्यगृह अर्पण करतो. त्याच लेखात शैलगृह करवणाऱ्या स्थविर अचलाला ‘कृतज्ञ’ हे विशेषण लावलेले आहे.

या एका विशेषणावर ह्यूएनत्संगाचा वृत्तांत प्रकाश टाकतो. 646मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात तो महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन करतो. दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, भिंतींवर बोधिसत्त्वाचे चरित्र. हे अजिंठाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने ते स्वतः पाहिले की ऐकून लिहिले, यावर एकमत नाही. विहाराचा कर्ता अर्हत अचल होय, असे तो सांगतो. अचलाची आई वारल्यावर ती कोठे जन्मली हे त्याने ध्यानात पाहिले आणि तो या देशी आला. भिक्षा घेऊन बाहेर आलेल्या त्या मुलीच्या स्तनांतून दूध पाझरू लागले. घरच्यांना तो अपशकुन वाटला. अचलाने पूर्वजन्मीचे नाते सांगितले. तिला सन्मार्गाला लावून, जिने जन्म देऊन वाढवले तिच्या ऋणातून उतराई होण्यासाठी त्याने हा विहार उभारला. आठ वर्षांचा असताना ‘श्याव-चिंग’मधील कन्फ्यूशियसचा शिष्य गुरूसमोर आसन सोडून उठतो हे वडिलांच्या तोंडून ऐकताच ह्यूएनत्संग स्वतः उठून उभा राहिला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. अशा लेखकाने अजिंठ्याची एवढीच कथा नोंदवावी, हे अर्थपूर्ण आहे. पण ती त्याने चीनमधून आणली नव्हती. ‘कृतज्ञ’ हा शब्द त्याच्या आधीच दगडात कोरलेला होता.

तर मग भेद कोठे आहे? सतराव्या लेण्यात श्यामाप्रमाणेच विश्वंतरही रंगवलेला आहे, आणि खरी कसोटी तेथे लागते. राज्याचा हत्ती, मुले, अखेर पत्नीही दान करणारा हा राजपुत्र चीनमध्ये वादाचा विषय झाला. ‘मोउ-त्झू’च्या संवादात आक्षेपक विचारतो की बापाची संपत्ती परक्यांना आणि स्वतःची मुले दुसऱ्याला देणाऱ्याला पुत्रधर्म आणि माणुसकी कशी म्हणावी? मात्र चोवीस आदर्शांतील क्वो च्यू आईच्या वाट्याचे अन्न कमी पडू नये म्हणून आपल्या मुलाला जिवंत पुरायला निघतो आणि खड्ड्यात त्याला सोने सापडते. लू शुन यांनी 1926मध्ये या कथेवर जळजळीत लिहिले, ते उगाच नव्हे. मूल गमावण्याची तयारी दोन्हीकडे आहे. विश्वंतराचा त्याग बाहेर, अपरिचिताकडे वाहतो म्हणून तो दोष. क्वो च्यूचा त्याग वर, आईकडे वाहतो म्हणून तो गुण. कन्फ्यूशियन सद्गुणाला दिशा असते. मो-त्झूच्या समान प्रेमाविरुद्ध मेन्शियसने घेतलेला आक्षेप याच दिशेच्या रक्षणासाठी होता.

अजिंठ्याच्या अनेक दानलेखांतील ठराविक वाक्यरचना या संदर्भात पाहण्यासारखी आहे. पुण्याचे वाटेकरी आधी आईबाप, मग सर्व प्राणिमात्र. क्रम तेथेही आहे, पण तो आरंभ कोठून करायचा एवढेच ठरवतो. शेवटी सर्वांना मिळणारे फल एकच असते, अनुत्तर ज्ञान. कन्फ्यूशियन क्रमात वर्तुळ मोठे होत गेले तरी जवळचा आणि दूरचा हे अंतर मिटत नाही, मिटूही नये. भावाच्या मृत्यूनंतर तेथे एक वर्षाचा शोक विहित आहे, पोशाखासकट. सतराव्या लेण्याच्या लेखात धाकटा भाऊ रविसांब याला मृत्यूने गाठल्यावर थोरला भाऊ, स्थानिक मांडलिक राजा, अनित्यतेच्या जाणिवेने दानाकडे वळतो; आणि ज्या भिक्षूंशी त्याचे रक्ताचे काहीही नाते नाही त्यांच्यासाठी डोंगर खोदवतो.