वादक आणि गुरु

उत्तम वादक हा उत्तम शिक्षक असतोच असें नाहीं. आणि उन्हाळी वर्गांत ही उणीव लौकर उघडी पडते. थोड्या दिवसांच्या सहवासांत शिष्य गुरूच्या लकबी तेवढ्या उचलतो. फ्रेंच फ्ल्यूटवादक मार्सेल म्वाज (१८८९–१९८४) यांची थोरवी याच कसोटीवर पाहावी.

पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिक वाद्यवृंदांत त्यांनीं गायकांचे गळे वर्षानुवर्षें ऐकले. पुढें अमेरिकेंतील मार्लबरोची उन्हाळी संगीतशाळा स्थापणारांत ते होते. स्वित्झर्लंडांत बोस्विल येथेंहि त्यांनीं वर्ग घेतले. त्यांच्या ‘द ला सोनोरिते’ (१९३४) या पुस्तकाच्या आरंभींचा अभ्यास म्हणजे नाद न बिघडवितां एका स्वरावरून लगतच्या अर्ध्या स्वरावर उतरणें, एवढाच. नंतरच्या संग्रहांत ऑपेरांतील गीतांच्या चाली आहेत.

यावर आक्षेप असा कीं, अशानें एकाच परंपरेचा नाद आदर्श ठरतो. आक्षेप अगदींच पोकळ नव्हे. तथापि विल्यम बेनेट व जेम्स गॉल्वे हे दोघेहि त्यांच्यापाशीं शिकले, आणि दोघांचे नाद निराळे! ज्या गुरूनें आपल्या वादनाचें नव्हे, तर मानवी गळ्याचें अनुकरण मागितलें, त्यानें शिष्याला आपल्या छायेंतून मोकळेंच केलें म्हणावयाचें.