नावामागचा माणूस

नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत पदवीच्या प्रमाणपत्रावर एक नाव छापलेले असते : स्वामी रामानंद तीर्थ. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या विद्यापीठाला ते दिलेले आहे. परंतु हे स्वामीजी कोण, असे विचारल्यास प्रमाणपत्र घेणारा तरुण बहुधा निरुत्तर होतो.

त्याच्या हाती द्यावा असा एक ग्रंथ स्वामीजींनीच १९६७ साली इंग्रजीत लिहिला आहे : ‘मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल’. शीर्षकातच लेखकाची वृत्ती दिसते. आठवणी आहेत, पण त्या लढ्याच्या, स्वतःच्या नव्हेत.

वस्तुतः सांगण्यासारखे पुष्कळ होते. १९०३ साली जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक झाले, १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि पुढे अंबाजोगाईस अध्यापन केले. संन्याशाने संसार सोडावा, अशी आपली समजूत. या संन्याशाने निजामी राजवटीतील जनतेचाच संसार अंगावर घेतला. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी येताच सत्याग्रह करून त्यांनी तुरुंग पत्करला. पुढेही कारावास चुकला नाही. अखेरची सुटका झाली ती सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर. १९५२ साली गुलबर्ग्याहून व १९५७ साली औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

स्वतःविषयीचा हा संयम ग्रंथाचे बळ आहे, तसाच त्याचा उणेपणाही. एक उदाहरण घेऊ. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यात सशस्त्र स्वातंत्र्यसैनिकांनी लढ्याच्या निधीसाठी उमरीची बँक लुटली. सत्याग्रहाने सुरू झालेला लढा दहा वर्षांत येथवर आला होता. रझाकारांचे अत्याचार पाहता असे का घडले, हे बुद्धीला उमगते. पण गांधीजींना मानणाऱ्या त्या संन्याशाच्या अंतःकरणात कोणती घालमेल झाली असेल? ते जाणण्याची भूक ग्रंथ मिटल्यावरही उरते. नेत्याची भेट होते, माणूस मात्र दूरच राहतो.

नम्र मनुष्याने आपले मोठेपण झाकावे, हे शोभते. आपली घालमेल झाकली, तर मात्र वाचकाचे नुकसान होते. मोठेपणाला आपण हार घालून मोकळे होतो. कसोटीच्या क्षणी कसे वागावे, हे दुसऱ्याच्या घालमेलीतूनच कळते. पुढील चरित्रकारांनी या दृष्टीने जुनी पत्रे व तुरुंगातील सोबत्यांच्या आठवणी तपासाव्यात.

तोवर हाच ग्रंथ वाचावा. घरी नवी पदवी आली की प्रमाणपत्राला चौकट करण्यापूर्वी त्यावरील नावाची ही कहाणी मुलांसोबत अवश्य वाचावी, एवढीच वाचकांस विनंती.